बाहुल्याच्या पाठीवरची गाठ

समजा, तुमच्यावर एक काम येऊन पडलंय. चर्चच्या तळघरातला हॉल आहे. समोर पन्नास-साठ शेतकरी बसलेत. डुकराचं भाजलेलं मांस, आंबवलेला कोबी आणि उकडलेले पिठाचे गोळे असं भरपेट जेवण नुकतंच झालंय, कॉफीचा दुसरा कप हातात आहे, टोप्या गुडघ्यांवर ठेवल्यात आणि डोळे मिटायला लागलेत. यांतला प्रत्येक जण लहानपणापासून मक्याच्या पत्र्याच्या कणग्यांवर चढत-उतरत आलाय. आणि तुम्ही त्यांना पटवून द्यायचं आहे की तोच मका माणसाला गिळतो. बोलून पटणार नाही, कारण ते त्यांनी शंभरदा ऐकलंय. काहीतरी दाखवावं लागेल. काय दाखवाल? तीनमजली कणगी काही हॉलमध्ये आणता येत नाही. गेलेल्या माणसाचा फोटो लावावा, तर त्याचा चुलतभाऊ तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.

आयोन पोस्पिशिलपुढे हे काम आलं ते तिने मागून घेतलेलं नव्हतं. नेब्रास्कातल्या डोब्रा गावच्या धान्य सोसायटीत ती वजनकाट्यावर बसायची. ट्रक काट्यावर चढला की ती खिडकी सरकवायची, वजन सांगायची, ओलावा किती ते सांगायची, आणि मका जास्त ओला असला तर चार शब्द ऐकवायची. कोणाच्या ट्रकमध्ये कुठलं कुत्रं शेजारी बसतं हे तिला पाठ होतं. विमा कंपनीने सोसायटीला कळवलं की दर हिवाळ्यात सुरक्षिततेवर एक सभा घ्या. तेव्हा सोसायटीचा मॅनेजर डेल थेट तिच्या टेबलापाशी आला. डेल हा गावच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकाचाही मुख्य होता. बोलायचं खरं तर त्यानेच.

"माझ्या आवाजाने माझी बायकोसुद्धा झोपते," डेल म्हणाला. "तू बोल."

"मी काय बोलणार?"

"दिवसभर या खिडकीतून लोकांना दटावतेस तेच. फक्त उभं राहून."

पहिल्या वर्षी तिने विमा कंपनीने पाठवलेल्या स्लाइड्स जशाच्या तशा पडद्यावर लावल्या. कोष्टकं, टक्केवारी, खाली बारीक अक्षरांत टिपा. आपल्याला काही चुकायला नको म्हणून ती पडद्याकडे तोंड करून एकेक ओळ वाचत गेली. वळून पाहिलं तेव्हा पुढच्या रांगेतले दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोपले होते. तिचा नवरा यूजीन शेवटच्या रांगेत होता. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "कसं झालं?"

"तुझी पाठ छान दिसत होती."

"यूजीन!"

"अगं, खरंच सांगतो. पूर्ण वेळ पाठच दिसली. आणि पडद्यावर मुंग्या चालत होत्या. ती अक्षरं आहेत हे मला डेलने सांगितलं."

तिला राग आला, पण दुसऱ्या दिवशी तिने तो प्रोजेक्टर रिकाम्या हॉलमध्ये लावला आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसली. खरंच काही दिसत नव्हतं. ती पुढे आली, एक स्लाइड उडवली, परत मागे जाऊन बसली. असं करत करत शेवटी तिने प्रोजेक्टरच बंद केला. दाखवायचं ते मागच्या खुर्चीवरून चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे, आणि दाखवताना आपलं तोंड लोकांकडे पाहिजे, एवढं तिने मनाशी ठरवलं.

यूजीन शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, त्यामुळे घरामागच्या गॅरेजमध्ये हत्यारांची कमी नव्हती. दोघांनी मिळून पारदर्शक प्लास्टिकची एक कणगी बनवली, हातभर उंच, वर लाल छप्पर, एका बाजूला तारेची शिडी. तळाला भोक आणि भोकाला बूच. खऱ्या कणगीत तळाशी मळसूत्रासारखी फिरणारी नळी असते, ती मका ओढून बाहेर ट्रकमध्ये टाकते. इथे बूच काढलं की दाणे खालच्या बादलीत पडायचे. आधी तिने खरा मका भरला, तर भोकात दाणे अडकून बसायचे. मग पक्ष्यांना घालतात ते बारीक, गुळगुळीत, पिवळे दाणे आणले. ते पाण्यासारखे वाहायचे. मुलीच्या जुन्या खेळण्यांतून एक शेतकरी बाहुला शोधला, निळ्या पँटीतला. मागच्या रांगेला दिसावी म्हणून त्याची टोपी तिने भडक लाल रंगवली.

पुढच्या फेब्रुवारीत ती हॉलमध्ये उभी राहिली तेव्हा टेबलावर चौकटीच्या टेबलक्लॉथखाली काहीतरी झाकलेलं होतं. लोक जेवतानाही त्याकडेच बघत होते. तिने कापड काढलं, बाहुल्याला दाण्यांवर उभं केलं आणि म्हणाली, "हा एड. एड आत उतरलाय, कारण मका वरून घट्ट झालाय आणि खाली येत नाहीये. खालची नळी चालूच आहे, कारण एडला घाई आहे. एडला तुम्ही ओळखता."

हशा पिकला. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितलं.

"आयोन, याचं आडनाव सांग ना!" मागून डॅरिल सोबोत्का ओरडला.

"मागच्या रांगेत शोध. आरसा आणलास का?"

आणि मग तिने बूच काढलं आणि काही बोलली नाही. बादलीत दाणे पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. एडच्या भोवती दाण्यांचा खड्डा पडला, गुडघे गेले, कंबर गेली, हात वर तसेच राहिले. मग नुसती लाल टोपी. मग तीही नाही. कोणीतरी कप बशीत ठेवला, तो फार मोठ्याने वाजला.

त्या दिवशी कोणी झोपलं नाही. पण मार्सेला नावाची एक बाई तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेली, आणि दोन-तीन जण कॉफी न पिता घरी गेले. भांडी आवरताना फादर क्लेमेंट आयोनपाशी आले.

"फार परिणाम झाला, आयोन. पण लोकांना असं गाडून घरी पाठवू नकोस. शेवटी एखादी तरी वाट दाखव."

"बरोबर आहे फादर," ती म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं.

खरी वाट तिला माहीत होती. नळी बंद करायची, मदत बोलवायची, मग अडकलेल्या माणसाच्या चारी बाजूंनी पत्रे रोवून त्याच्याभोवती एक उभी पेटी करायची आणि पेटीतला मका उपसायचा. माणूस मोकळा होतो. तिच्या पहिल्या सभेनंतर सोसायटीने असे पत्रे विकत घेतले होते, ते काट्याच्या मागच्या भिंतीवर टांगलेले असायचे. तिने पुठ्ठ्याचे छोटे पत्रे कापून ते एडभोवती रोवून बघितले. मागून काही दिसेना, वेळ फार जायचा, आणि चमच्याने दाणे उपसेपर्यंत यूजीनसुद्धा जांभई द्यायला लागला.

मग तिने एडला दोरा बांधला. काखेतून घेऊन छातीवर गाठ मारली, तर ओढताना तो पुढे वाकायचा आणि तोंड खाली जायचं. गाठ पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध घेतली तेव्हा तो सरळ वर आला, तोंड लोकांकडे, लाल टोपी आधी. दाणे त्याच्या अंगावरून घरंगळून पडले. फार सुंदर दिसलं ते.

हॉलमध्ये तिसऱ्या वर्षी टाळ्या पडल्या. खुर्च्यांवरून उठून टाळ्या. आयोनसाठी तिच्या आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. शाळेच्या पदवीदानातही सगळ्यांसाठी मिळून एकदाच वाजवायच्या असं ठरलं होतं.

नंतर ती एडला घेऊन शेजारच्या तीन जिल्ह्यांमध्ये फिरली. शाळांमध्ये, जत्रेतल्या मंडपात, दुसऱ्यांच्या चर्चमध्ये. मुलं ओरडायची, "ओढ! ओढ!" गावात एखादा बेफिकीर वागला की लोक म्हणायचे, "एड होशील." आणि प्रत्येक वेळी दोरा ओढून झाल्यावर ती सांगायची: "खऱ्या माणसाला असं ओढायचं नाही हं. नळी बंद करा, आम्हाला बोलवा, पत्रे येऊ द्या." हे ती एकदाही विसरली नव्हती. सांगायची तेव्हा टाळ्या चालू असायच्या, एवढंच.

सोबोत्का बंधू दर वर्षी यायचे. दोघं मिळून एकच शेत करायचे, गावापासून पाऊण तासावर नदीकाठी. धाकटा डॅरिल मागे बसून टोमणे मारायचा: "आयोन, एकदा तरी याला अक्कल येऊ दे!" थोरला लॅम्बर्ट पहिल्या रांगेत, आयोनच्या उजव्या हाताला, टोकाच्या खुर्चीत. मका वाळवायच्या पंख्यांशेजारी सगळं आयुष्य गेल्यामुळे त्याचा डावा कान कामातून गेला होता. तो फारसा बोलायचा नाही, हसायचाही नाही. पण आयोनच्या हातांवरून नजर हलवायचा नाही. बोलणाऱ्याला असा एक माणूस समोर हवाच असतो. तिची नजर भाषणभर त्याच्याकडेच जायची.

तो शरद ऋतू ओला गेला. मका वाळायच्या आत कणग्यांत गेला आणि डिसेंबरपर्यंत जागोजाग बुरशी धरून वरून त्याचं छप्पर झालं. असं झालं की इथे सगळे एकच करतात. खालची नळी चालू ठेवतात आणि एक जण वरून आत उतरून काठीने ते छप्पर फोडत फिरतो. त्यांचे बाप हेच करायचे. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला पाय कुठे टाकायचा ते कळतं.

दुपार होत होती. आयोन काट्यावर होती. डेल आत आला तो धावतच.

"सोबोत्कांकडे. डॅरिल कणगीत आहे."

"किती?"

"छातीपर्यंत म्हणाला लॅम्बर्ट. नळी बंद केलीय. पत्रे काढ."

दोघांनी भिंतीवरचे पत्रे काढून पिकअपमध्ये टाकले. आयोन शेजारी बसली. रस्त्यावर बर्फ होतं, डेल पुढे वाकून चालवत होता. ती मनात एकच म्हणत होती की नळी बंद आहे. नळी बंद आहे म्हणजे तो आता खाली जाणार नाही. तो थांबेल.

ते पोचले तेव्हा पथकाची मोठी गाडी नुकतीच आवारात वळत होती. कणगीच्या शिडीपाशी लॅम्बर्ट खालच्या पायरीवर बसला होता, हातमोजे तसेच घातलेले. थोड्या अंतरावर ट्रॅक्टर चालूच होता. ट्रॅक्टरच्या मागून निघालेला दोर वर कणगीच्या तोंडाशी गेला होता, तिथल्या लोखंडी कडीवरून आत उतरला होता. दोर ताणलेला होता.

डेल गाडीतून उतरला. त्याने जाऊन ट्रॅक्टर बंद केला. आवाज थांबल्यावर लॅम्बर्टचं बोलणं ऐकू आलं. तो मघापासून बोलतच असावा.

"आधी नळी बंद केली," तो म्हणत होता. "नळी आधी बंद केली. मग फोन. मग दोर."

आत उतरून त्याने भावाला दोर बांधला होता, वर येऊन खाली आला होता आणि ट्रॅक्टरवर बसला होता. ट्रॅक्टरवरून भाऊ दिसत नव्हता. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, आणि एक कान नव्हताच. दोर पुढे येईना तेव्हा त्याने गिअर बदलला होता.

पत्रे तरीही लावले. माणसं आळीपाळीने आत उतरली आणि मका उपसला, संध्याकाळचा उजेड जाईपर्यंत. डॅरिलला खालच्या दाराने बाहेर आणलं. आयोन दाराजवळ कंदील धरून उभी होती, म्हणून तिला दिसलं. दोर काखेतून गेलेला होता आणि त्याची गाठ पाठीवर होती, दोन खांद्यांच्या मधोमध.

परतताना डेल बोलायला लागला. "छातीपर्यंतच होता. श्वास घेत होता. लॅम्बर्टशी बोलत होता म्हणे, शिव्या देत होता. तसाच उभा राहिला असता, आपण पोचेपर्यंत..." त्याने बाहीने पुढची काच पुसली. "मक्यात माणूस किती घट्ट बसतो याची कल्पना नसते गं लोकांना. वर ओढताना मका सोडत नाही. मग जे सुटायचं नाही ते सुटतं."



अंत्यविधीनंतर त्याच तळघरात जेवण होतं. आयोन जर्दाळूचा मुरंबा घातलेल्या कोलाची नावाच्या गोड पावांचं ताट घेऊन टेबलांमधून फिरत होती. मार्सेलाने तिचा हात धरला.

"आयोन, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यामुळेच त्याने आधी नळी बंद केली. लॅम्बर्ट स्वतः म्हणाला ना तसं. नाहीतर डॅरिल पार खाली गेला असता, सापडलाही नसता. तू शिकवलंस म्हणून निदान दफन तरी नीट झालं."

बाजूच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. त्यांना तिला धीरच द्यायचा होता. आयोनने मान हलवली आणि ताट पुढच्या टेबलाकडे नेलं. नळी बंद करणं त्याने माझ्याकडून घेतलं असेल, तर बाकीचं कोणाकडून घेतलं?

लॅम्बर्ट कोपऱ्यात बसला होता, समोरच्या ताटाला हात न लावता. लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. तीही गेली, हात ठेवला आणि निघून आली. अशा दिवशी काही विचारता येत नाही.

घरी तिने स्वयंपाकघरात कोट तसाच अंगावर ठेवून यूजीनला म्हटलं, "मी सांगत होते. दर वर्षी सांगत होते, असं ओढायचं नाही म्हणून."

"सांगत होतीस."

"तू ऐकलंयस."

"मी ऐकलंय. पण मला तुझं भाषण पाठ आहे गं. बाकीच्यांच्या टाळ्या चालू असायच्या."

ती खुर्चीवर बसली. यूजीनने चहाचं भांडं ठेवलं, उगाच दोनदा गॅस बारीक-मोठा केला.

"हे बघ," तो म्हणाला, "दोर कोणीही बांधला असता. माझ्या बापाने बांधला असता. समोर भाऊ अडकलाय, अंगणात ट्रॅक्टर आहे. बाहुला बघितला काय न बघितला काय."

"आणि गाठ?"

"कसली गाठ?"

तिने सांगितलं. यूजीनने ऐकलं आणि खांदे उडवले. "गाठ कुठे तरी मारायचीच होती ना, आयोन."

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजमध्ये एक वाळूचं पोतं उभं केलं, त्याला यूजीनचा जुना कोट घातला आणि यूजीनला दोर दिला. "हा माणूस अडकलाय असं समज. काखेतून बांध." त्याने बांधला. गाठ छातीवर. पुढचे काही दिवस काट्यावर येणाऱ्या ट्रकवाल्यांनाही ती खाली उतरवायची. काट्यामागच्या खोलीत तसंच एक पोतं उभं होतं.

"हे काय नवीन, आयोन? पोत्याशी लग्न लावतेस का आमचं?"

"बांध आणि जा. मागे रांग लागलीय."

डेलने छातीवर गाठ मारली. खत आणणाऱ्या ड्रायव्हरने छातीवर मारली. बहुतेक सगळ्यांनी छातीवरच मारली, कारण हात समोर असतात, आणि माणसाच्या तोंडाकडे बघत बांधलं जातं. एका तरुणाने मात्र मागे मारली. त्याला विचारलं, का रे मागे? तो म्हणाला, "माहीत नाही. तिथे हात गेला." आयोनने दोर सोडवून पुन्हा गुंडाळून ठेवला. त्या एकाने सगळं पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं. त्याच्याकडे बघून लॅम्बर्टचाही हात नुसता तिथे गेला असेल असं म्हणता येत होतं. पण तो तरुण मागच्या वर्षी जत्रेत एडला बघून गेला होता का, हे विचारायचं तिला सुचलं तोवर त्याचा ट्रक गेला होता.

लोक आपसात बोलायला लागले. डेल येऊन दारात उभा राहिला.

"फेब्रुवारीची सभा आहे. नको वाटत असेल तर मी बोलतो. झोपले तर झोपले."

"मी बोलेन."

"एडला आणणार आहेस?"

"नाही."

बाहुला तिने पुन्हा हातात घेऊन बघितला होता. पोकळ, गुळगुळीत, बोटभर जाड. पक्ष्यांचे दाणे तर त्याहून गुळगुळीत. तो दोऱ्यावर वर यायचा तो लोण्यातून सुरी निघावी तसा. दोन विती दाण्यांचं ओझं ते काय, आणि पुरुषभर खोल मक्याचं ओझं ते काय! बाकी पाहिलेलं सगळं खरं होतं. बुडणं तर अगदी खरं होतं. म्हणूनच वर येणंही लोकांना खरं वाटलं असणार. डोळ्यांनी जे बघितलं त्याच्यापुढे, टाळ्यांमधून आलेल्या दोन वाक्यांची काय किंमत? मागच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून तिने पत्रे टाकून दिले होते आणि दोरा ठेवला होता. पोचला होता तो. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला होता.

या वेळी तिने तेलाचं एक पिंप साफ करून घेतलं. यूजीनच्या जुन्या पँटीचे पाय वाळूने ठासून भरले, खाली त्याचे बूट शिवले आणि मध्ये लोखंडी दांडा घालून त्याला दोर बांधला. ते पाय पिंपात उभे केले आणि वरपर्यंत खरा मका ओतला, सोबोत्कांच्याच भागातला, या वर्षीचा. यूजीनने ओढून बघितलं. मग पाय पिंपाला टेकवून ओढलं. मग तो गॅरेजच्या फरशीवर बसला आणि तळहातांवरचे वळ चोळले.

"हे दाखव," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

सभेला हॉल भरला. लॅम्बर्ट येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. तो आला, टोपी काढली आणि त्याच्या नेहमीच्या टोकाच्या खुर्चीत बसला. त्याच्या शेजारची खुर्ची लोकांनी रिकामी ठेवली, कोणी न सांगता.

पिंप झाकलेलं नव्हतं. आयोन त्याच्याजवळ उभी राहिली.

"यंदा मी काही दाखवणार नाही. यंदा तुम्ही ओढायचं. यात फक्त पाय आहेत, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. बाकी माणूस बाहेर आहे असं समजा. या."

कोणी हलेना. मग एक आडदांड शेतकरी बाह्या सरसावत उठला. "बाजूला व्हा रे पोरांनो. बायकोला दाखवायचंय काहीतरी."

"दाखव, दाखव, तिने पंचवीस वर्षं वाट बघितलीय!"

तो ओढून लाल झाला. पिंप हललं, पाय हलले नाहीत. दुसरा आला. मग दोघांनी मिळून ओढलं. थोडं हसणं झालं, मग कमी झालं, मग थांबलं. जो तो दोर सोडून जाताना हात पँटीला पुसत होता. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. त्या शांततेत आयोन सावकाश बोलली, आणि बोलताना उजव्या बाजूला, टोकाच्या खुर्चीकडे सरकली. "नळी बंद केली की माणूस खाली जात नाही. उभा राहतो. तासन् तास उभा राहू शकतो. त्याच्याशी बोला. पत्रे येऊ द्या. ओढू नका."

लॅम्बर्ट उठला.

डेल अर्धवट उभा राहिला आणि पुन्हा बसला. लॅम्बर्टने दोर हाताभोवती गुंडाळला आणि ओढला. झटका दिला नाही, सलग ओढत राहिला, मानेच्या शिरा वर येईपर्यंत. बूट जागचे हलले नाहीत. तो थांबत नव्हता. हॉलमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी फादर क्लेमेंट उठले, पण तेवढ्यात त्याने स्वतःच हात सैल केला, दोर सोडवला आणि पिंपाच्या काठावर नीट ठेवला.

"एड कुठाय?" त्याने आयोनला विचारलं.

"आणला नाही, लॅम्बर्ट."

तो टेबलाकडे बघत होता, जिथे एरवी चौकटीचं कापड असायचं.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

हे दोन शब्द आयोनने घरी आणले. यूजीनला ते क्षमेचे वाटले. डेलला वाटलं, म्हातारा नुसता काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. तिला कधी एक वाटायचं, कधी दुसरं, कधी तिसरंच, ज्यात लॅम्बर्ट तिला सांगत होता की पुरे कर, अजून कोणाला बघायला लावू नकोस.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर तो त्या कणगीतला उरलेला मका घेऊन सोसायटीत आला. ट्रक काट्यावर चढला. शेजारच्या सीटवर डॅरिलचं कुत्रं होतं. आयोनने खिडकी सरकवली. त्यानेही काच खाली केली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, पण तिच्याकडे त्याची डावी बाजू होती, गेलेल्या कानाची, आणि ट्रकचं इंजिन धडधडत होतं.

तिने वजन सांगितलं. तो म्हणाला, "काय?"

तिने ओरडून सांगितलं. ओलावाही ओरडून सांगितला. त्याने मान डोलावली. मागे दोन ट्रक उभे होते, पलीकडे हातात फावडं घेतलेला पोऱ्या मका झाडत होता, आणि डेल दारात कॉफी पीत होता. तिला जे विचारायचं होतं ते अशा चार माणसांदेखत मोठ्याने ओरडण्यासारखं नव्हतं, आणि हळू विचारलं तर पोचणार नव्हतं. लॅम्बर्ट क्षणभर तिच्याकडे बघत थांबला, हॉलमध्ये तिच्या हातांकडे बघायचा तसाच. मग त्याने काच वर केली आणि ट्रक पुढे नेला.

आयोन उघड्या खिडकीपाशी तशीच बसून राहिली. मागच्या ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

तुला बांधायला त्याची छाती समोर होती, तो तुझ्याशी बोलत होता, मग गाठ पाठीवर का घेतलीस, लॅम्बर्ट?